इटालियन सायकल आणि विलायती आटे

कुवेतला जाऊन मी तेलाची एकही विहीर पाहिली नाही, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून शाळेतल्या प्रत्येकीने तोच प्रश्न विचारला आणि माझं उत्तर ऐकून प्रत्येकीचं तोंड वाकडं झालं. मी तिथे एक सायकल पाहिली. ती मोडताना पाहिली, जुळताना पाहिली आणि शेवटी चालवलीही. ज्यांना तेलाबद्दलच वाचायचं आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी पुण्यात शिक्षिका आहे. चाळिशी ओलांडली आहे आणि कॉलेजात असल्यापासून सायकल चालवते. यंदा आमच्या शाळेच्या मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी मला सुचवलं, की आता तुम्ही वरच्या जागेवर आलात, तेव्हा सायकल शोभत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला जागा शोभते का ते आधी बघा. त्यानंतर थोडे दिवस गावाबाहेर असलेलं बरं, असं घरच्यांचं मत पडलं. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, कुवेतच्या शुवैख बंदरात एका जहाज कंपनीच्या एजंटाकडे हेडक्लार्क आहे. वहिनीचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. तिला सोबत म्हणून मी ऐन थंडीत निघाले.

बोटीबद्दल लिहीत नाही. दुसऱ्याच्या पोटात किती ढवळलं हे कोणाला वाचायचं असतं?

शुवैख

कुवेतात उतरल्यावर परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. तिथे आपलेच रुपये चालत होते. बाजारात हिंदीवर सगळं भागत होतं. गावाभोवतीची जुनी मातीची भिंत नुकतीच पाडून टाकली होती, वेशी तेवढ्या शाबूत ठेवल्या होत्या. मांडव काढून नेल्यावर खांब उभे राहावेत तशा त्या दिसत होत्या. प्यायचं पाणी गाडीने येई, आणि भाजी धुतलेलं पाणी वहिनी झाडाला घाली. झाड म्हणजे डालड्याच्या डब्यातली तुळस. मोटारी मात्र पाण्यासारख्या वाहत होत्या. ज्याला त्याला मोटार हवी होती, आणि दादानेही एक जुनी अमेरिकन मोटार घेतली होती. आमच्या गल्लीत ती वळली नसती इतकी लांब.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "दादा, इथे भाड्याने सायकल कुठे मिळते?"

दादा जेवता जेवता थांबला. "कमे, इथे सायकल कोण चालवतं माहीत आहे का? खुबूस पोचवणारे!" खुबूस म्हणजे तिथली भट्टीतली मोठी, पातळ रोटी.

"मग तीच रोटी तू खातोयस ना? सायकलवरूनच आली ती."

"माझ्या ऑफिसातले लोक बघतील. तू पायी फीर, मोटारीतून फीर. सायकल नाही म्हणजे नाही."

वहिनी मान खाली घालून हसत होती. तिसऱ्या दिवशी मी सायकलीचं दुकान शोधून काढलं.

शुवैखमध्ये गोदामं आणि मोटारींची गॅरेजं यांच्या मध्ये एक पत्र्याची शेड होती. आत खेडकडचा इस्माईलभाई. ताडमाड उंच, पांढरी दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी. मी मराठीत बोलल्याबरोबर त्याने स्टुलावरचे पाने खाली सारले.

"बसा, बाय. पुन्याच्या काय? पुन्याची सायकल म्हंजे काय सांगू! मी तितंच शिकलंय ना. लष्करात, गोऱ्यांच्या सायकली."

त्याने मागवलेला बिनदुधाचा चहा इवल्याशा काचेच्या पेल्यात आला. चहा घेताना माझी नजर वर गेली. छताच्या आकड्याला एक सायकल टांगली होती. तशी सायकल मी पुण्यात रंगीत मासिकातसुद्धा पाहिली नव्हती. नळ्या बारीक, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, मडगार्ड नाही, घंटी नाही. इस्माईलभाईने ती काढून माझ्या हातात दिली आणि मी चक्क एका हाताने उचलली. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथल्या पोलादी कडा कानशीने इतक्या पातळ केल्या होत्या, की बोट फिरवलं तर नळी कुठे संपली आणि सांधा कुठे सुरू झाला ते कळत नव्हतं. रंग आकाशी. नाव कुठेच नव्हतं.

"कोणत्या कंपनीची?" मी विचारलं.

"कंपनी नाय. एक इटालियन हाय, रेनातो. पायपांवर वेल्डिंग करतो. त्यान् आनी त्याच्या उस्तादान् बनवलेली. पायडलात रेती गेलीय, खोलून साफ करून द्यायचीय. पुढल्या हप्त्यात बोटीन् घरी चाललाय तो."

तेवढ्यात तो रेनातोच आला. ठेंगणा, साधारण माझ्याच उंचीचा, भुवया जळून अर्ध्या झालेल्या. कुवेतात तीन वर्षं आपल्या माणसांबरोबर काम करून त्याने एक हिंदी कमावली होती, तिला व्याकरण नव्हतं पण हात भरपूर होते. मी नावाचं विचारल्यावर तो भडकलाच.

त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा. त्याच्या गावी त्याचा उस्ताद एका खोलीत बसून शर्यतीच्या सायकली बनवायचा. स्वाराला उभं करायचा, पाय मोजायचा, हात मोजायचा, पाठ मोजायचा, आणि मग नळ्या कापायचा. शिंप्याकडे कपडे शिवावेत तशी सायकल. मोठमोठे शर्यतवाले चोरून त्याच्याकडे यायचे. चोरून अशासाठी, की त्यांना पैसे देणारी कंपनी वेगळी असायची. उस्तादाने बनवलेल्या फ्रेमवर त्या कंपनीचा रंग आणि त्या कंपनीचं नाव चढायचं. शर्यत जिंकली की फोटोत नाव कंपनीचं.

"नाम दूसरा! हमेशा नाम दूसरा!" रेनातो ओरडला. "ये एक में नाम नहीं. उस्ताद बोला, इसमें किसी का नाम नहीं डालेगा."

आता उस्ताद वारला होता. तिकडे जो तो स्कूटर घेऊ लागला, म्हणून खोलीही बंद झाली. त्या हातच्या फ्रेमा जगभर कोणाकोणाच्या नावाने फिरत असतील, पण कोणाचंही नाव न लावलेली अशी ही एकच होती. हे ऐकल्यावर मला ती सायकल आवडली असं म्हणणं कमी पडेल. मला तिचा अभिमान वाटला.

उजवा कप

दुसऱ्या दिवशी वहिनीचं जेवण उरकून मी पुन्हा शेडमध्ये गेले. इस्माईलभाई त्या सायकलीचं पायडल खोलत होता. पायडलाचा दांडा फ्रेमच्या ज्या तळच्या नळकांड्यातून आरपार जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना आट्यांचे कप बसवलेले असतात. डावा कप सुखाने निघाला. उजवा हलेना.

इथे थोडं शिकवावं लागेल. आपल्याकडच्या सगळ्या सायकली विलायती घडणीच्या. त्यांच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, सोडवायचा तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. पुण्यात कोणत्याही सायकलवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल. इस्माईलभाईला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि पुण्याच्या माणसाला एखादी गोष्ट माहीत असली की तो ती सांगतोच.

"तेल घाला," मी म्हटलं. "आणि पान्याला नळी लावा, जोर मिळेल."

त्याने तेल घातलं. पान्याला हातभर नळी लावली. कप तसूभर हलला आणि पुन्हा अडकला. "येतोय, येतोय," मी म्हटलं. इस्माईलभाईने पाय भिंतीला लावला, "या अल्ला" म्हणून सगळा भार टाकला, आणि कडकन् आवाज झाला.

तळचं नळकांडं उभं चिरलं होतं.

मग इस्माईलभाईने हळूच पाना उलट्या बाजूने फिरवला. कप लोण्यासारखा सुटून त्याच्या हातात आला. इटलीत दोन्ही बाजूंचे आटे सारखेच, सुलटे. आम्ही सोडवतोय सोडवतोय म्हणून तो आवळत बसलो होतो. रेनातोने आम्हाला हे सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नसावं. त्याच्या गावी कोणी विचारतच नाही.

संध्याकाळी रेनातो आला. इस्माईलभाईने काही झाकलं नाही. चिरलेली फ्रेम त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सरळ सांगितलं, "मेरे से टूटा."

रेनातोने चिरेवरून अंगठा फिरवला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खाली बसला आणि म्हणाला, "खलास. समुंदर में डालो."

पण इस्माईलभाईने टोपी काढून बाजूला ठेवली. "समुंदर मेरे बाप का है क्या, जो कचरा डालूँ? तुम वेल्डर, मैं सायकलवाला, सामने गॅस का बाटला. नया डालेंगे."

"कहाँ है नया? इटली का नळा कुवैत में कहाँ?"

इस्माईलभाई कोपऱ्यात गेला आणि भंगारातून एक गंजकी विलायती फ्रेम ओढून घेऊन आला. तिचं तळचं नळकांडं शाबूत होतं.

रेनातो उभाच राहिला. "इंग्लिश? इस सायकल में इंग्लिश? उस्ताद कबर से उठेगा!"

"उठके आया तो उसको भी चाय पिलाऊँगा," इस्माईलभाई म्हणाला. "लेकिन फेकूँगा नहीं."

मीही बोलले. म्हटलं, ज्या माणसाने कंपन्यांची नावं टाकायला नकार दिला, तो एका नळकांड्याच्या जातीपायी पोटची सायकल समुद्रात टाकेल काय? इस्माईलभाईने त्याचं हिंदी केलं, बहुतेक तिखटमीठ लावून, कारण रेनातो लाल झाला. मग त्याने कोट काढला आणि बाह्या सरसावल्या.

पुढचे काही दिवस मी वहिनीची दुपारची झोप लागली की शेडमध्ये असायची. रेनातोने ज्योतीने जुने सांधे तापवले, पितळ वितळून थेंब थेंब गळलं आणि चारही नळ्या मोकळ्या झाल्या. विलायती नळकांडं कानशीने घासून घासून त्यांना बसतं केलं. टाकणखार लावून पुन्हा पितळ भरलं. आपल्याकडे सोनार टाकणखार वापरतो तसाच. फ्रेम सरळ आहे की नाही हे बघायला त्यांनी इस्माईलभाईची मासे धरायची दोरी पुढच्या नळीभोवती घेऊन मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत ताणली. दोन्ही बाजूंचं अंतर दोघांनी आळीपाळीने मोजलं आणि दर वेळी भांडले. मध्येच इस्माईलभाईच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुकं यायचं. रेनातो आपल्या भांड्यात काळीकुट्ट कॉफी करायचा आणि आमच्या चहाला औषध म्हणायचा. मी त्याच्या कॉफीला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

सायकल उभी राहिली. रंग दिला नव्हता, सांध्यावरचं पितळ पिवळंधमक दिसत होतं.

"दोरी बोलता है सीधा," रेनातो म्हणाला. "लेकिन रास्ता क्या बोलता है?"

त्याच्या उस्तादाची एक रीत होती. नवी फ्रेम तो स्वतः कधीच चालवून बघायचा नाही. दुसऱ्याला बसवायचा आणि आपण मागून येत मागच्या चाकाकडे बघायचा. भार पडल्यावर, चढावर, वाऱ्यात चाक कसं जातं ते बसणाऱ्याला कळत नाही, मागच्याला दिसतं. शुक्रवारी सुट्टी होती आणि वाळवंटातल्या जहरा गावापर्यंत सरळ डांबरी रस्ता होता. तिथवर सांधा टिकला तर सायकल बोटीवर चढणार, नाहीतर समुद्रात. रेनातो अजूनही तेच म्हणत होता.

पण बसणार कोण? इस्माईलभाईचे गुडघे हँडलाला लागत होते. रेनातोने माझ्याकडे पाहिलं. कोपर सीटच्या टोकाला लावून बोटं पुढे करायला सांगितलं. बोटं बरोबर हँडलाला टेकली.

"बाय, तुमाला झेपंल?" इस्माईलभाईने विचारलं.

"मला सायकल झेपेल," मी म्हटलं, "साडीचं काय करू ते सांगा." शर्यतीच्या सायकलीला वरची नळी आडवी असते. पाचवारी नेसून त्यावर बसता येत नाही.

ते उत्तर वहिनीकडे होतं. गौरीला नेसायची तिची हिरवी नऊवारी ट्रंकेत होती. "काष्टा घाला, वन्सं," ती म्हणाली. "आपल्या आज्या घोड्यावर बसायच्या त्या काय पाचवारी नेसून?"

रात्री जेवताना मी दादाला विचारलं नाही, सांगितलं. तो इतका चिडला की ताक न घेताच उठला. "माझी अब्रू रस्त्यावर आणशील!"

"तुझी अब्रू एका सायकलीने जाणार असेल तर ती आधीच हलकी होती."

जहरा

शुक्रवारी उजाडताना आम्ही निघालो. मी पुढे, हिरवी नऊवारी, वर वहिनीचा लोकरी कोट, डोक्याला मफलर. माझ्या मागे रेनातो, इस्माईलभाईच्या जड विलायती सायकलवर. त्याच्या मागे इस्माईलभाई, खुबूसवाल्याच्या सायकलवर, पुढच्या टोपलीत पाने आणि भाकरी.

आयुष्यभर मी सायकल ओढत आले होते हे मला त्या दिवशी कळलं. ही सायकल ओढावी लागत नव्हती. पाय दाबला की ती पुढे असायची. पण गाव संपल्यावर समोरून वारा सुरू झाला आणि त्याच्याबरोबर रेती. दात कचकचू लागले. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. मोटारी भोंगे वाजवत जात होत्या, काही जण मुद्दाम सावकाश होऊन बघत होते. एकाने काच खाली करून काही म्हटलं. इस्माईलभाईने त्याला अरबीत काहीतरी सुनावलं, त्यावर तो हसला आणि निघून गेला.

"क्या बोलता है चाक?" मी पुढूनच ओरडायची.

"तुम रास्ता देखो, सिन्योरा! मैं चाक देखता!"

एका ठिकाणी खालून टक् असा आवाज झाला आणि मी ब्रेक दाबला. तिघेही उतरलो. रेनातो रेतीत गुडघे टेकून सांध्याला कान लावून बसला. मग त्याने माझ्या काष्ट्याकडे बोट केलं. वहिनीने खबरदारी म्हणून लावलेली सेफ्टी पिन निसटून नळीवर आपटत होती. मी ती काढून कोटाला लावली आणि आम्ही पुन्हा निघालो.

जहराच्या आधी दोन्ही बाजूंना तंबू दिसू लागले. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, म्हणून गावातली कुटुंबं वाळवंटात राहायला आली होती. आपण आवळी भोजनाला जातो ना, तसं, फक्त हे कित्येक दिवस चालतं. जहराच्या लाल मातीच्या किल्ल्यापाशी आम्ही थांबलो तेव्हा एका तंबूतून एक म्हातारा काठी टेकत आला. तो जुना नाखवा निघाला. खजूर भरलेलं गलबत घेऊन वर्षानुवर्षं मुंबईला येत होता. भायखळ्याच्या एका इराण्याकडचा मस्कापाव त्याला अजून आठवत होता, आणि त्याची हिंदी रेनातोपेक्षा कितीतरी सरस होती.

"बाई, ये साडी मैंने बंबई में देखी है," तो म्हणाला. "और ये सायकल कौन कंपनी की?"

मी रेनातोकडे पाहिलं. रेनातोने कंबरेवर हात ठेवले. "कंपनी नहीं. मेरा उस्ताद बनाया, मैं बनाया, ये आदमी तोड़ा, ये आदमी बनाया. पेट इंग्लिश है. किसी को तकलीफ?"

"मेरे को नहीं," नाखवा म्हणाला आणि आम्हाला चहाला आत घेऊन गेला. त्याच्या सुनेने मला वाळवंटात पावसानंतर उगवणारे फगे दिले, मातीचा वास येणारे, बटाट्यासारखे दिसणारे कंद. नंतर वहिनीने त्यांची मोहरीची फोडणी देऊन भाजी केली आणि सुंदर लागली.

बाहेर आलो तर दादाची मोटार उभी. दादा टाय लावून आला होता, सुट्टीच्या दिवशी. वाळूने बूट भरले होते.

"गाडीत बस," तो म्हणाला.

"सायकल परत न्यायची आहे."

"हे दोघे नेतील."

"ही त्यांच्या मापाची नाही, माझ्या मापाची आहे." ते अगदी खरं नव्हतं, ती रेनातोच्या मापाची होती. पण मी मागे हटणार नव्हते.

आम्ही असे उभे असताना रेनातो मोटारीला वळसा घालून आला. तिची समोरची मोठी काच त्याने आपल्या रुमालाने पुसली आणि दादाला म्हणाला, "बाबूजी, अच्छा गाडी. ऊपर से सब दिखता. तुम पीछे चलो, आहिस्ता. पीछे का चाक देखो. दायें जाये, बायें जाये, मेरे को बोलो."

"मी?" दादा म्हणाला.

"तुम भाई है ना? तुम देखो." एवढं म्हणून त्याने इस्माईलभाईची जड सायकल मोटारीच्या डिकीत कोंबली आणि दादाशेजारी जाऊन बसला. इस्माईलभाई खुबूसवाल्याची सायकल घेऊन माझ्या मागे लागला.

वेशीपाशी

परतीला वारा पाठीशी होता. सायकल अशी सुटली की कोटाचे पंख झाले. मागून पहिल्यांदा नुसती मोटारीची घरघर ऐकू येत होती. मग रेनातोचा आवाज. मग, बऱ्याच वेळाने, दादाचा. "किंचित डावीकडे!" तो ओरडला. "नाही, नाही, खड्डा होता! सरळ आहे!" थोड्या वेळाने पुन्हा, "कमे, जोर लाव बघू, चढावर कसं जातंय ते बघायचंय!" मी जोर लावला. खालच्या पिवळ्या सांध्याने हूं की चूं केलं नाही.

गावाच्या जुन्या वेशीजवळ रस्त्याचं काम चालू होतं आणि एकच गाडी जाईल एवढी वाट होती. मी मधोमध होते. माझ्यामागे इस्माईलभाई, त्याच्यामागे दादाची अवाढव्य मोटार गोगलगायीच्या चालीने, आणि तिच्यामागे शुक्रवारच्या फिरायला निघालेल्या मोटारींची रांग. सगळ्या भोंगे वाजवू लागल्या. त्यात दादाच्या ऑफिसातल्या साहेबांचीही होती, हे मला नंतर वहिनीकडून कळलं. दादाला तेव्हाच दिसलं होतं.

मी बाजूला होणार इतक्यात मागे मोटारीचं दार उघडल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. दादा टायसकट रस्त्यात उतरला होता आणि दोन्ही हात पसरून त्या सगळ्या मोटारींच्या समोर उभा होता.

"थांबा!" तो मराठीतच ओरडत होता. "दिसत नाही का? सायकल चाललीय!"